मोबाईल स्टार्टरचा बोर्ड आणि वळवाची वीज

सांगलीहून तासगावकडे जाणाऱ्या रस्त्याने माधवनगर, बुधगाव आणि कवलापूर ओलांडून पुढे गेले म्हणजे दोन्ही अंगांना द्राक्षांचे मळे लागतात, आणि त्या मळ्यांतील विहिरींच्या काठी, खांबाला ठोकलेल्या पत्र्याच्या पेट्यांतून, पूर्वीच्या साध्या स्टार्टरच्या शेजारी आता मोबाईल स्टार्टर हे उपकरण जागोजाग बसलेले दिसते. रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेची वाट पाहत विहिरीवर मुक्काम करण्याची शेतकऱ्याची यातायात या एका उपकरणाने पुष्कळ अंशी संपविली. घरून फोन लावावा आणि मोटर सुरू व्हावी, विहिरीचे पाणी संपले की ती आपोआप थांबावी, तीन फेजपैकी एक गेली असेल तर तिने सुरूच होऊ नये, एवढा सारा कारभार तळहाताएवढ्या एका बोर्डावर चालतो. त्या बोर्डावर सिमकार्डाची खाच, जीएसएम मॉड्यूल, मायक्रोकंट्रोलर, दोन-तीन रिले, करंट मोजणाऱ्या सीटी, ४१५ व्होल्टांवर चालणारा वीजपुरवठ्याचा भाग आणि विहिरीतून वर येणाऱ्या सेन्सरच्या तारांची जोडणी यांची अशी दाटी होते, की विजेच्या उसळीपासून, म्हणजे ज्याला आपण सर्ज म्हणतो त्यापासून, रक्षण करणाऱ्या घटकांची पाळी येईपर्यंत जागाच शिल्लक राहत नाही.

अशा बोर्डांची आखणी करणारे तरुण अभियंते, कुपवाड व मिरज येथील औद्योगिक वसाहतींत ते जुळविणारे छोटे कारखानदार आणि बिघडलेले बोर्ड दुरुस्त करणारे माधवनगर-सांगलीकडील कारागीर, या तिघांना उद्देशून हा लेख लिहिला आहे. माझे मुख्य सांगणे असे, की रक्षक घटकांची जागा आखणीच्या आरंभी, इतर सर्व घटकांच्या आधी, मुक्रर करावी. आणि तसे केले तर आजच्या बाजारात मिळणाऱ्या छोट्या घटकांनीही काम भागते, एवढेच नव्हे तर पुष्कळ ठिकाणी त्यांहूनही छोटे घटक पुरतात. मात्र त्यासाठी कोणत्या तारेतून, किती दाबाने, किती वेळ आणि किती करंटने उसळी येणार याचा हिशेब आधी मांडला पाहिजे. तो न मांडता कॅटलॉगमधील सर्वांत मोठा घटक बोर्डावर कोंबण्याचा जो शिरस्ता पडला आहे, त्याने जागाही जाते आणि रक्षणही होत नाही.

या भागात या गोष्टीची निकड अधिक आहे, आणि तिचे कारण शेतीच्या वेळापत्रकात आहे. द्राक्षांची काढणी आटोपल्यावर साधारणतः एप्रिल महिन्यात खरड छाटणी होते, आणि तिच्यानंतर फुटणाऱ्या काड्यांवरच पुढील हंगामाचे घड अवलंबून असल्यामुळे त्या दिवसांत वेलीचे पाणी चुकवून चालत नाही. नेमक्या त्याच एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढग जमतात आणि विजांचा कडकडाट सुरू होतो. पंपाची गरज जेव्हा सर्वांत अधिक असते तेव्हाच तो चालविणाऱ्या बोर्डाला धोकाही सर्वांत अधिक असतो. बोर्ड जळून दुरुस्तीसाठी आठवडाभर पडून राहिला तर शेतकऱ्याचे नुकसान बोर्डाच्या किमतीपेक्षा किती तरी मोठे होते. जवळच असलेल्या किर्लोस्करवाडीत १९१० सालापासून शेतीची अवजारे आणि पुढे पंप घडविण्याची जी परंपरा उभी राहिली, तिच्या शेजारी वाढलेल्या आपल्या कारागिरांनी पंपाच्या या नव्या अंगाकडेही तितक्याच काळजीने पाहावे, अशी अपेक्षा करणे वावगे होणार नाही.

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊ. आकाशातील विजेच्या एका तडाख्यातील करंट हजारो अँपिअरांचा, सर्वसाधारणपणे ३०,००० अँपिअरांच्या आसपासचा असतो, आणि ती वीज थेट पेटीवर किंवा तिच्या तारांवर पडली तर बोर्डावरील कोणताही घटक तिच्यापुढे टिकणार नाही. तेव्हा त्या प्रसंगाचा विचार बोर्डाच्या आखणीत करू नये, तो पेटीबाहेरच्या लायटनिंग अरेस्टरचा आणि अर्थिंगचा विषय आहे. परंतु वीज काही अंतरावर पडली तरी शेतातून गेलेल्या उघड्या वीजतारांत आणि विहिरीतून आलेल्या लांब केबलीत जी उसळी उत्पन्न होते, ती बोर्डाच्या आवाक्यातील गोष्ट आहे. तिच्या चाचणीसाठी जगभर जी लाट प्रमाण मानतात, आणि भारतीय मानक ब्युरोने आयएस १४७०० या मालिकेत जी स्वीकारली आहे, तिचा दाब १.२ मायक्रोसेकंदांत शिखरावर पोहोचून ५० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येतो, आणि करंट ८ मायक्रोसेकंदांत चढून २० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर उतरतो. दुसरी उसळी मोटर आणि काँटॅक्टर चालू-बंद होताना उठते. ती अतिशय अल्पकालिक, पण दिवसातून अनेकदा येणारी असते. तिसरी मनुष्याच्या बोटांतून येते: कोरड्या हवेत सिमकार्ड बदलताना अंगावर साठलेली स्थिर वीज खाचेच्या पत्तीत उतरते, आणि तिचा करंट एका नॅनोसेकंदाच्या आत ३० अँपिअरांपर्यंत चढू शकतो.

चौथी गोष्ट या तिन्हींहून निराळी आहे आणि तिचा घोटाळा उसळीशी करण्यामुळेच पुष्कळ बोर्ड जळतात. डीपीवरची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरची, न्यूट्रल तुटली की २३० व्होल्टांच्या जोडणीवर ४०० व्होल्टांपर्यंत दाब चढू शकतो, आणि तो मायक्रोसेकंद टिकत नाही, मिनिटे किंवा तासही टिकतो. यंत्रमागांवरच्या आणि घरगुती बोर्डांचा हा नेहमीचा अनुभव आहे. पंपाच्या बाबतीत, दोन फेजवर मोटर चालविण्यासाठी लावलेल्या कपॅसिटरमुळे तिसऱ्या फेजवरचा दाब भलताच होतो. उसळी शोषणारा घटक काही मायक्रोसेकंदांची ऊर्जा पचविण्यासाठी घडविलेला असतो. त्याला तासभर वाढीव दाब सोसायला लावला तर तो तापतो, फुटतो, आणि कधी पेट घेतो. म्हणून टिकाऊ अतिदाबाचा बंदोबस्त रिले तोडून आणि फ्यूज घालून करावा, आणि रक्षक घटकाची निवड अशी करावी, की त्या दाबाखाली तो जागाच होणार नाही.

वीजपुरवठ्याच्या तोंडाशी लावण्याचा आपल्याकडचा परिचित घटक म्हणजे एमओव्ही, ती निळी किंवा पिवळी चकती. झिंक ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांची ही भाजलेली गोळी १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये मात्सुशिता कंपनीच्या मिचिओ मात्सुओका यांच्या संशोधनातून पुढे आली. प्रत्येक दोन कणांच्या सांध्याशी विजेला अडविणारा एक पातळ पडदा असतो आणि दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला की असे हजारो पडदे एकदम वाट देतात, हे तिचे रहस्य. चकतीवरचा आकडा वाचायला शिकणे प्रत्येक कारागिराला आवश्यक आहे. १४डी४७१ यातील १४ हा चकतीचा व्यास मिलीमीटरांत, आणि ४७१ म्हणजे ४७ वर एक शून्य, अर्थात ४७० व्होल्ट. हा एक मिलिअँपिअर करंट जातानाचा दाब होय. ती चकती ३०० व्होल्ट एसीपर्यंत कायम लावून ठेवता येते, म्हणून न्यूट्रल तुटण्याचा धोका नसेल तेथे २३० व्होल्टांच्या एकफेजी जोडणीला ती चालते. परंतु पंपाच्या बोर्डाला बहुधा न्यूट्रल नसते. त्याचा पुरवठा दोन फेजमधून, म्हणजे ४१५ व्होल्टांवरून घेतलेला असतो, आणि रात्री भार उतरल्यावर तो दाब आणखी वर सरकतो. तेथे ४७१ लावणे म्हणजे तिचा नाश ओढवून घेणे आहे. तेथे ५१० व्होल्ट एसीची ८२१ ही चकती किमान मानावी, आणि माझ्या मते ५५० व्होल्ट एसीची ९११ हीच अधिक भरवशाची आहे.

अर्थात तिची किंमत द्यावी लागते. ९११ ची चकती ५० अँपिअर करंट सोसताना आपल्या टोकांमधला दाब सुमारे १,५०० व्होल्टांपर्यंत जाऊ देते, आणि करंट वाढेल तसा तो आणखी चढतो. येथे पुष्कळ आखणीकार अधिक व्यासाची, २० मिलीमीटरची चकती घेतात आणि बोर्डाचा एक कोपरा तिला वाहून टाकतात. याहून चांगला उपाय आहे, आणि दाटीच्या बोर्डासाठी तो सर्वांत मोलाचा आहे असे मला वाटते. मोटरचा करंट काँटॅक्टरमधून जातो, बोर्डातून जात नाही. बोर्डाला स्वतःपुरते फारतर चार-पाच वॅट लागतात, म्हणजे ४१५ व्होल्टांवर काही मिलिअँपिअर. एवढ्या अल्प करंटाच्या वाटेत ४७ ओहमचा, उसळी सोसणारा वायरवाउंड फ्यूजिबल रेझिस्टर घातला तर रोजच्या कामात त्याच्यावर जेमतेम एखादा व्होल्ट खर्ची पडतो. परंतु बाहेरून ४,००० व्होल्टांची उसळी आली असता, चकतीवर १,५०० व्होल्ट राहतात असे धरले, तर रेझिस्टरवर २,५०० व्होल्ट पडून करंट ५० ते ५५ अँपिअरांवर अडतो. हाच रेझिस्टर नसता तर, चाचणीच्या उपकरणाचा अंतर्गत रोध दोन फेजमध्ये अवघा २ ओहम असल्यामुळे, तो करंट हजाराच्या घरात गेला असता. मग ज्या कामाला २० मिलीमीटरची चकती अपुरी वाटत होती त्याला ७ किंवा १० मिलीमीटरची पुरते. मात्र रेझिस्टर आधी आणि चकती नंतर, हा क्रम पाळावा. आणि तेथे साधा फिल्म रेझिस्टर वापरू नये, कारण त्याचा पातळ थर पहिल्याच मोठ्या उसळीत उडून जातो.

हेच तत्त्व तीन फेजचा दाब मोजणाऱ्या तारांना अधिक प्रकर्षाने लागू पडते. त्या तारांतून करंट जवळजवळ लागतच नाही, तेव्हा तेथे एकूण १० लाख ओहमांची रेझिस्टरांची माळ ओवली की ४,००० व्होल्टांच्या उसळीतही केवळ ४ मिलिअँपिअर आत शिरतात, आणि त्यांना आवर घालायला मायक्रोकंट्रोलरच्या पायापाशी एक छोटा क्लॅम्प डायोड पुरे होतो. ही माळ एकाच रेझिस्टरची मात्र करू नये. १२०६ आकाराच्या सामान्य रेझिस्टरची दाब सोसण्याची मर्यादा सुमारे २०० व्होल्टांची असते, म्हणून ४१५ व्होल्टांच्या शिखरासाठीच, जे ५८७ व्होल्ट भरते, चार रेझिस्टर एकामागे एक ठेवणे प्राप्त आहे. उसळीच्या क्षणी हजार-हजार व्होल्ट प्रत्येकाच्या वाट्याला येतील, हे ध्यानात घेऊन ती मालिका त्याहून मोठी ठेवली तर अधिक चांगले.

गॅस डिस्चार्ज ट्यूब, जिला बाजारात जीडीटी म्हणतात, तिच्याविषयी थोडक्यात सांगता येईल. चार-पाच मिलीमीटरच्या तिच्या छोट्या देहातून हजारो अँपिअर जाऊ शकतात आणि तिची धारिता एखाद्या पिकोफॅरडएवढीच असते, हे तिचे गुण. परंतु एकदा पेटली की तिच्या टोकांतील दाब दहा-वीस व्होल्टांपर्यंत खाली येतो, आणि मागे मुख्य पुरवठा असेल तर ती विझतच नाही. म्हणून ती पुरवठ्याच्या दोन तारांवर एकटी कधीही लावू नये. एमओव्हीच्या मालिकेत, फेज आणि अर्थ यांच्या दरम्यान ती शोभते, कारण तेव्हा एरवी अर्थकडे गळणारा करंट ती पूर्ण बंद ठेवते.

आतल्या १२ आणि २४ व्होल्टांच्या भागासाठी टीव्हीएस, म्हणजे उसळी रोखणारा, डायोड हाच खरा दाटीचा मित्र आहे. कॅटलॉगमध्ये एसएमए, एसएमबी आणि एसएमसी असे त्याचे तीन आकार ओळीने दिसतात, आणि त्यांची क्षमता ४००, ६०० आणि १,५०० वॅट अशी लिहिलेली असते. हे वॅट १०/१००० मायक्रोसेकंदांच्या लांब लाटेवरचे आहेत. दुसरा एखादा उत्पादक ८/२० च्या छोट्या लाटेवर मोजून हजारो वॅटांचा आकडा छापतो, आणि दोन्ही घटक वस्तुतः सारखेच असू शकतात. तेव्हा आकडा कोणत्या लाटेवरचा, हे पाहिल्यावाचून खरेदीचा निर्णय घेऊ नये. एसएमबीजे२४ए या डायोडचे उदाहरण घेतले तर तो २४ व्होल्टांपर्यंत निवांत असतो, २६.७ ते २९.५ व्होल्टांच्या दरम्यान जागा होतो, आणि १५.४ अँपिअर सोसताना दाब ३८.९ व्होल्टांवर रोखतो. त्यामुळे त्याच्या मागे येणारा रेग्युलेटर ४० व्होल्टांहून अधिक सोसणारा असला पाहिजे. ३६ व्होल्टांची मर्यादा असलेला रेग्युलेटर बसवून त्याच्यापुढे हा डायोड लावणारे आखणीकार रक्षणाचा केवळ आभास निर्माण करतात. दुसरी बाब उष्णतेची. एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या पेटीत ७५ अंशांपर्यंत उष्मा गेला तर २५ अंशांवर सांगितलेली टीव्हीएसची क्षमता साधारण साठ टक्क्यांवर येते. एमओव्हीची क्षमता ८५ अंशांपर्यंत अबाधित राहते. बॅटरीवर चालणाऱ्या मॉड्यूलला ५ व्होल्टांचा डायोड लावताना आणखी एक गोष्ट तपासावी: एसएमबीजे५.०ए हा डायोड ५ व्होल्टांवर ८०० मायक्रोअँपिअरपर्यंत गळती करू शकतो, आणि वीज नसताना छोटी बॅटरी जगविण्याची तजवीज त्याने निष्फळ होते.

विहिरीतून येणाऱ्या तारांकडे मी वाचकाचे विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण जळालेल्या बोर्डांच्या चौकशीत त्यांच्याकडेच सर्वांत कमी पाहिले जाते. पाण्याची पातळी सांगणाऱ्या इलेक्ट्रोडच्या किंवा फ्लोटच्या तारा शंभर-दोनशे फूट खोल जातात, तेथे पाण्याला आणि त्याद्वारे पृथ्वीला स्पर्श करतात, आणि जवळपास वीज पडली की विहिरीच्या तळची पृथ्वी आणि वर पेटीजवळची पृथ्वी यांच्यात हजारो व्होल्टांचा फरक पडतो. हा फरक बोर्डाच्या पोटातून वाट काढतो. त्याचा उपाय केवळ डायोड नव्हे. या तारांचा भाग ऑप्टोकपलरने उर्वरित बोर्डापासून पूर्णतः तोडावा, त्यांच्या मुळाशी एसएमबी आकाराचा दुतर्फा टीव्हीएस ठेवावा, आणि त्याच्यापुढे प्रत्येक तारेत काही ओहमांचा रेझिस्टर घालावा. मानकात अशा लांब सिग्नल तारांच्या चाचणीसाठी ४२ ओहम एवढा अंतर्गत रोध धरतात, म्हणून १,००० व्होल्टांची उसळी २४ अँपिअरांच्या आसपास भरते, आणि १२ व्होल्टांचा एसएमबी डायोड तेवढे सहज पचवितो.

अर्थिंगविषयीही स्पष्टच बोलले पाहिजे. आयएस ३०४३ या मानकात अर्थिंगची उत्तम पद्धत सांगितली आहे, पण शेतातील पेटीची अर्थ बहुधा एका जुन्या लोखंडी पाइपापुरतीच असते आणि उन्हाळ्यात कोरड्या जमिनीत तिचा रोध फार वाढतो. ज्या बोर्डाचे सारे रक्षण अर्थवर अवलंबून आहे तो या परिस्थितीत निराधार होतो. म्हणून शेतासाठी बोर्ड आखताना मुख्य रक्षण दोन फेजच्या दरम्यान ठेवावे, आणि कमी दाबाच्या भागाचा बाहेरच्या कोणत्याही तारेशी थेट संबंध येऊ देऊ नये. अर्थ चांगली मिळाली तर तो लाभ समजावा, तिच्या भरवशावर राहू नये.

आता बोर्डावरील मांडणीचा प्रश्न, ज्यात जागेची खरी कसोटी लागते. तांब्याच्या पट्टीच्या प्रत्येक मिलीमीटरला सुमारे एक नॅनोहेन्री एवढी प्रेरकता असते, आणि सिमकार्डाच्या खाचेत उतरणाऱ्या स्थिर विजेचा करंट एका नॅनोसेकंदात ३० अँपिअर चढत असल्यामुळे रक्षक डायोडकडे जाणाऱ्या केवळ १० मिलीमीटरच्या फाट्यावर ३०० व्होल्ट उभे राहतात. मग तो डायोड ५ व्होल्टांचा आहे की १० चा याला काही अर्थच उरत नाही. धरणाचा सांडवा जसा पाणी गावात शिरण्याआधीच त्याला वाट करून देतो, तसा हा घटक कनेक्टरच्या अगदी कडेला असावा. बाहेरून येणारी पट्टी प्रथम त्याच्या पॅडवर यावी, आणि त्याच पॅडवरून पुढे मॉड्यूलकडे जावी. ग्राउंडकडे जाताना एका बारीक भोकाऐवजी पॅडच्या शेजारी दोन-तीन व्हाया पाडून थेट खालच्या थरावर उतरावे. सिमच्या तीन-चार तारांसाठी सहा पायांच्या एकाच छोट्या पाकिटातील डायोड-समूह घेतला तर जागा वाचते; अँटेनाच्या तारेवर मात्र अर्ध्या पिकोफॅरडहून कमी धारितेचा घटकच चालतो, नाहीतर रक्षण होते आणि रेंज जाते.

वीजपुरवठ्याच्या बाजूला हिशेब उलटा आहे. तेथील उसळी तुलनेने मंद असल्यामुळे काही मिलीमीटरांचा फाटा बाधत नाही. पण पेटीतील रक्षक उपकरणापासून बोर्डापर्यंत मीटरभर तार ओढलेली असेल तर तिच्या सुमारे एक मायक्रोहेन्री प्रेरकतेवर १,००० अँपिअरांच्या उसळीत शंभरावर व्होल्ट अधिक पडतात. बोर्डावर पट्ट्यांमधल्या अंतराची काळजी मात्र दुसऱ्या कारणासाठी घ्यावी लागते. २३०/४०० व्होल्टांच्या कायम जोडणीतील उपकरणांसाठी मानकात ४,००० व्होल्टांच्या उसळीची अपेक्षा धरून हवेतील अंतर किमान ३ मिलीमीटर सांगितले आहे, आणि घटक छोटे झाले म्हणून हे अंतर छोटे करता येत नाही. माधवनगर परिसरातील यंत्रमागांवर बसणाऱ्या बोर्डांना तर आणखी सावधगिरी हवी. सुताचा तंतू हवेतून येऊन बोर्डावर बसतो, पावसाळ्यात ओल धरतो, आणि दोन पट्ट्यांमध्ये वाहक पूल बांधतो. शेतातील पेटीत हेच काम मुंग्या आणि पाली करतात. अशा ठिकाणी फेजच्या पट्ट्यांमध्ये बोर्डाला खाच कापावी, बोर्डावर संरक्षक लेप द्यावा, आणि जागा वाचविण्यासाठी आडव्या पृष्ठ-आरोपित एमओव्ही वापरायच्या झाल्यास त्यांच्या खालून कोणतीही पट्टी नेऊ नये.

एमओव्ही ही प्रत्येक उसळीबरोबर थोडीथोडी झिजते, आणि तिचा शेवट बहुधा शॉर्ट होऊन होतो. म्हणून तिच्या आधी फ्यूज असणे अनिवार्य आहे, आणि शक्य असेल तेथे उष्णतेने तुटणारा फ्यूज पोटातच असलेली एमओव्ही घ्यावी. ती इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला, वायरींच्या जुडग्याला किंवा प्लॅस्टिकच्या झाकणाला टेकवून ठेवू नये. काँटॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर किंवा छोटी एमओव्ही प्रत्यक्ष कॉइलच्या टोकांवरच बसवावी. बोर्डावर बसविली तर मधल्या तारेतून कॉइलची उसळी बाकीच्या बोर्डावर पसरते. १२ व्होल्टांच्या रिलेवर साधा डायोड पुरतो, पण त्याने रिले सुटायला उशीर लागतो, हे संपर्कांच्या आयुष्याच्या दृष्टीने ध्यानात ठेवावे.

हे सारे कागदावर ठीक दिसले तरी चाचणीवाचून त्याचा भरवसा धरू नये. उसळीची चाचणी घेण्याची सोय मुंबईच्या अंधेरी भागातील ईआरटीएल या केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेत आणि नवी मुंबईत समीर या संस्थेत आहे. सांगलीतच १९४७ साली स्थापन झालेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि बुधगावचे अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या विद्यार्थ्यांनी अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी अशा बोर्डांचा विषय घ्यावा, असे मला मनापासून वाटते; कारखानदारांनीही त्यांना जळालेले बोर्ड अभ्यासासाठी उपलब्ध करून द्यावेत, कारण जळालेल्या बोर्डावर उसळीने कोणती वाट धरली हे जितके स्पष्ट वाचता येते तितके कोणत्याही पुस्तकात वाचता येत नाही.

खरेदीविषयी एवढेच सांगेन, की पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे घटक घेताना प्रत्येक खेपेतील काही नग तपासून घ्यावेत. रेझिस्टरमधून मर्यादित केलेला एक मिलिअँपिअर करंट एमओव्हीतून सोडून तिच्यावरचा दाब मोजला की छापलेल्या आकड्याच्या दहा टक्क्यांच्या आत तो येतो की नाही हे कळते. वापरलेल्या चकतीतही तो दाब मूळ आकड्यापासून दहा टक्क्यांनी ढळला असेल तर ती बदलण्याची वेळ आली असे समजावे.

दुरुस्ती करणाऱ्या बांधवांना एक कळकळीची विनंती आहे. उन्हाळ्याच्या घाईत बोर्ड लवकर सुरू करून देण्याच्या ओघात फुटलेली चकती कापून टाकायची, फ्यूजच्या जागी तार जोडायची आणि बोर्ड चालू झाला म्हणून ग्राहकाच्या हाती द्यायचा, ही पद्धत सोडून द्यावी. असा बोर्ड पुढच्या वळवापर्यंतच चालतो, आणि मग त्याच्याबरोबर जीएसएम मॉड्यूलही जाते. कापलेल्या जागी त्याच आकड्याची, त्याच व्यासाची नवी चकती लावावी. ९११ च्या जागी हाताशी असलेली ४७१ लावू नये. आणि बोर्ड आखणाऱ्यांनी बोर्डाच्या छपाईत एमओव्ही, टीव्हीएस आणि फ्यूज यांचे पूर्ण आकडे त्यांच्या शेजारीच छापावेत, म्हणजे चार वर्षांनी तो बोर्ड ज्याच्या टेबलावर येईल त्याला योग्य घटक कोणता, हे कोणालाही न विचारता कळेल.